फोडणाऱ्याला शिक्षा होईल, पण काचेचे पैसे कोण देणार?

पुणे आणि पिंपरी-चिंचवडकरांना ही बातमी आता पाठ झाली आहे. मध्यरात्री दुचाकींवरून टोळकं येतं, हातात कोयते आणि दांडकी असतात आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचा रांगेने फुटत जातात. सकाळी माणूस कामाला निघायला खाली येतो आणि गाडीजवळ थबकतो. गाडी रिक्षा किंवा टेम्पो असेल, तर काचेबरोबर त्या आठवड्याची कमाईही गेलेली असते.

आमच्या इमारतीखाली एवढं मोठं काही घडलं नाही. कुणीतरी रात्री तीन दुचाकींच्या सीट ब्लेडने फाडल्या. शेजारचे काका पोलीस ठाण्यात गेले आणि तासाभराने एक कागद घेऊन परतले. "एनसी केलीय म्हणाले. म्हणजे नक्की काय केलंय रे?" त्यांना तीन गोष्टी हव्या होत्या. असं करणाऱ्याला शिक्षा काय असते, पोलीस त्याला शोधणार का आणि सीटचे पैसे कुणाकडून मिळणार. तिन्ही प्रश्न साधे आहेत, पण त्यांची उत्तरं कायद्यात तीन वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, आणि लोक गोंधळतात ते त्यामुळेच.

कायदा याला काय म्हणतो

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्या तारखेनंतरच्या घटनांना नवा कायदा लागतो, आधीच्यांना जुनाच. दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान करणं हा गुन्हा नव्या संहितेच्या कलम ३२४ मध्ये आहे. कायद्याच्या मराठी पाठात त्याला शब्द आहे 'आगळीक'. आपण बोलताना हा शब्द मर्यादा ओलांडली, आपली नसलेली मोकळीक घेतली, अशा अर्थाने वापरतो. इथे त्याचा अर्थ नेमका आहे: कुणाचं तरी गैरवाजवी नुकसान व्हावं या इराद्याने, किंवा तसं होण्याचा संभव आहे हे ठाऊक असताना, एखादी वस्तू नष्ट करणं किंवा तिच्यात असा बदल करणं की तिची किंमत वा तिचा उपयोग कमी होईल.

म्हणजे वस्तू फुटलीच पाहिजे असं नाही. १८६० च्या जुन्या कायद्यात याची काही उदाहरणं दिली होती आणि ती आजही समजावायला उत्तम आहेत. एकाने दुसऱ्याची अंगठी नदीत फेकली. अंगठी शाबूत आहे, पण मालकाच्या दृष्टीने ती गेली. दुसऱ्याने कुणाच्या तरी बर्फाच्या कोठारात पाणी सोडलं आणि बर्फ वितळला. तिसऱ्याने आपली गुरं शेजाऱ्याच्या शेतात घुसवली, पीक तुडवलं जाईल हे माहीत असताना. तिन्ही आगळीकच. त्याच न्यायाने कुणाच्या बोअरवेलमध्ये दगड टाकणं, भिंतीवर ऑइलपेंट फासणं हेही त्यात बसतं.

वस्तू फक्त दुसऱ्याचीच असायला हवी, असंही नाही. सामाईक आंब्याचं झाड भावाला त्रास द्यायचा म्हणून एका भावाने तोडलं, तर त्या झाडात त्याचाही वाटा होता हा बचाव चालत नाही. कर्जापोटी जप्ती येणार हे कळल्यावर स्वतःचंच सामान फोडून टाकणंही गुन्हा आहे, कारण नुकसान सावकाराचं होतं. 'माझंच आहे, मी काहीही करीन' हे वाक्य आपल्याकडे वाटणीच्या भांडणात फार ऐकू येतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

'मुद्दाम नाही केलं' हे उत्तर किती चालतं?

या गुन्ह्याचा जीव मनातल्या हेतूत आहे. गल्लीत क्रिकेट खेळताना चेंडू जाऊन कुणाची काच फुटली तर ती आगळीक नाही, इरादा नव्हता. पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना शेजारच्या गाडीला घासली तर तोही निष्काळजीपणा झाला, आगळीक नव्हे. म्हणून पैसे द्यावे लागत नाहीत असं मात्र नाही. नुकसानभरपाईची जबाबदारी वेगळी आणि गुन्हा वेगळा. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तोच कामाला येणार आहे.

पण इरादा नसला तरी जाणीव पुरते. कडब्याच्या गंजीजवळ उभं राहून कुणी रॉकेट पेटवलं आणि म्हणालं की मला गंजी पेटवायची नव्हती, तर न्यायालय विचारेल की ठिणगी कुठे पडू शकते हे तुला कळत नव्हतं का? दारूच्या नशेत केलं, हे सांगूनही सुटका नाही. स्वतःच्या मर्जीने प्यायलेल्या माणसाला तो शुद्धीत असता तर जी जाणीव असती, तीच होती असं कायदा धरून चालतो.

मुलांचं काय? सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात, आपण काय करतोय आणि त्याने काय होईल हे समजण्याइतकी पोच मुलाला आली होती का, हे पाहिलं जातं. अठराच्या आतल्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. मुलाच्या गुन्ह्याची शिक्षा आईबापांना होत नाही. भरपाई मात्र त्यांच्याकडे मागता येऊ शकते, जर मुलावर लक्ष ठेवण्यात त्यांनीच हयगय केली हे दाखवता आलं तर.

एक अपवाद मला फार माणुसकीचा वाटतो. वस्तीत आग लागली आहे, ती पुढे पसरू नये म्हणून कुणी मधलं एक घर पाडलं. पाडणाऱ्याला नुकसान होणार हे पक्कं माहीत आहे, तरीही तो गुन्हेगार नाही. संकट खरंच तेवढं मोठं आणि तोंडावर आलेलं असेल, आणि हेतू जीव किंवा मालमत्ता वाचवण्याचा असेल, तर कायदा त्याच्या पाठीशी उभा राहतो.

शिक्षा नुकसानीच्या रकमेवर चढत जाते

जुन्या कायद्यात ५० रुपयांची एक रेषा होती. तेवढं किंवा त्याहून जास्त नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. ही रेषा १८६० मध्ये आखली गेली आणि २०२४ पर्यंत तशीच राहिली. १८६० चे ५० रुपये ही मोठी रक्कम होती. अलीकडे त्यात साधा आरसाही येत नव्हता.

नव्या संहितेने रेषा बदलल्या. साध्या आगळीकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही (पूर्वी कैदेची मर्यादा तीन महिने होती). सरकार किंवा नगरपालिका, ग्रामपंचायतीसारख्या संस्थांच्या मालमत्तेसह कोणत्याही मालमत्तेचं नुकसान झालं तर एक वर्षापर्यंत. या दोन पोटकलमांची भाषा एकमेकींवर इतकी चढते की वकिलांना वाद घालायला भरपूर जागा आहे. पुढे मात्र स्पष्टता आहे. नुकसान २०,००० रुपये किंवा जास्त पण एक लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख किंवा त्याहून अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत. आणि कुणाला मारण्याची, इजा करण्याची किंवा तशी भीती घालण्याची तयारी करून येऊन तोडफोड केली, तर रक्कम कितीही असो, पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंडही. कोयते घेऊन गाड्या फोडत जाणाऱ्यांच्या बाबतीत हे पोटकलम महत्त्वाचं आहे.

पेटवून देणं याहून गंभीर. आगीने किंवा स्फोटकाने कोणत्याही मालमत्तेचं, शेतमालाचंसुद्धा, नुकसान केलं तर सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. घर, प्रार्थनास्थळ किंवा माल ठेवायची जागा नष्ट करण्यासाठी आग लावली तर दहा वर्षांपर्यंत किंवा थेट जन्मठेप.

शेतातलं नुकसान

शहरातल्या काचांची बातमी होते. शेतातल्या नुकसानीची क्वचितच होते, म्हणून इथे जरा थांबतो.

तोडणीला आलेला ऊस रात्रीत पेटतो. घड लागलेल्या द्राक्षबागेच्या वेली सकाळी बुंध्यातून कापलेल्या सापडतात. वर्षभराचा खर्च, बँकेचं कर्ज, घरातलं ठरलेलं लग्न, सगळं त्या एका रात्रीत अडकतं. ऊस किंवा कडबा पेटवला तर रकमेचा प्रश्नच येत नाही, वर सांगितलेलं सात वर्षांचं कलम लागतं. जुन्या कायद्यात त्यासाठीही शेतमालाचं किमान दहा रुपयांचं नुकसान दाखवावं लागे, ती अट आता गेली. वेली कापल्या तर मात्र रक्कम ठरवावी लागते. पंचनाम्यात फक्त 'वेली कापल्या' एवढंच येऊ देऊ नका. किती झाडं, किती वर्षांची, त्या हंगामात किती माल अपेक्षित होता, मागच्या वर्षीच्या विक्रीच्या पावत्या काय सांगतात, हे सगळं कागदावर आलं पाहिजे. एक लाखाची रेषा ओलांडली की नाही, हे त्या कागदावरच ठरतं.

शेतीचं पाणी कमी होईल असं काही करणं, म्हणजे पाट फोडणं, पाइपलाइन तोडणं, याला स्वतंत्र पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. सरकारी मोजणीत रोवलेला हद्दीचा दगड उपटला किंवा सरकवला तर एक वर्षापर्यंत. बांध कोरण्याचं भांडण मात्र बहुतेकदा इथे येऊन अडतं, कारण मूळ हद्द कुठे होती हेच दोघांपैकी कुणी दाखवू शकत नाही. म्हणून आधी भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी, मग तक्रार. शेतात जायचा रस्ता किंवा येणारं पाणी शेजाऱ्याने अडवलं असेल, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत.

आणि गुरं? ती चुकून शेतात शिरली तर मालकाचा इरादा नव्हता, मग आगळीक नाही. त्यासाठी १८७१ पासूनचा कोंडवाड्याचा कायदा आहे. शेतकऱ्याने पीक तुडवणारी गुरं धरायची आणि २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायची. गुरांना मारहाण करणं किंवा विष घालणं हा मार्ग नाही. जनावराला ठार करणं किंवा जायबंदी करणं याला नव्या संहितेत पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि त्यात आता जनावराच्या किमतीची अट उरलेली नाही. भटक्या कुत्र्यालाही तेच संरक्षण मिळतं.

'पोलीस नुसती एनसी करून परत पाठवतात'

आता काकांच्या कागदाकडे येऊ. गुन्ह्यांचे दोन प्रकार असतात. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस एफआयआर नोंदवून लगेच तपास सुरू करू शकतात. अदखलपात्र गुन्ह्यात ते फक्त नोंद घेतात. तीच आपली एनसी. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय त्यांना तपास करता येत नाही.

एक लाखाच्या आतलं नुकसान अदखलपात्र आहे. एक लाख किंवा त्यावरचं, मारण्याच्या तयारीने केलेलं, आग लावून केलेलं, शेतीच्या पाण्याचं, जनावराचं, हे सगळं दखलपात्र. म्हणजे काकांना परत पाठवणारा हवालदार कायद्याप्रमाणे बरोबरच वागला होता. पण ५०,००० रुपयांची दुरुस्ती पदरात पडलेल्या रिक्षावाल्याला तपासासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, हे मला पटत नाही. ज्याचं पोट त्या गाडीवर आहे त्याला ५०,००० ही रक्कम एखाद्याच्या पाच लाखांइतकी जड असते.

तरीही काही गोष्टी हातात आहेत. त्याच घटनेत एखादा दखलपात्र गुन्हाही घडला असेल, तर सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. तेव्हा फिर्याद देताना नुसतं 'काच फोडली' म्हणून थांबू नका. हातात शस्त्र होतं का, कुणाला अडवलं का, मारलं का, सगळं सांगा. दुरुस्तीचा अंदाज गॅरेजमधून लेखी आणि तारखेसह आणा. गाडी दुरुस्त करण्याआधी फोटो काढा. सीसीटीव्हीचं चित्रण बहुतेक ठिकाणी काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून पहिल्या दिवशीच त्याची प्रत मागा. दखलपात्र गुन्हा असूनही ठाण्यात नोंदवून घेत नसतील, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. एनसीच्या प्रकरणातही न्यायदंडाधिकाऱ्यापुढे थेट खासगी फिर्याद करता येते.

'गुन्हा सिद्ध झाला की माझे पैसे मिळतील ना?'

सर्वात मोठा गैरसमज हाच आहे. फौजदारी खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो. त्यात झालेला दंड सरकारजमा होतो. आरोपी तुरुंगात गेला तरी तुमची काच तशीच फुटलेली राहते.

पण न्यायालयाला भरपाई देववता येते. फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ प्रमाणे दंडातून पीडिताला पैसे द्यायला सांगता येतात आणि शिक्षेत दंड नसला तरी आरोपीला स्वतंत्र भरपाईचा आदेश देता येतो. ही तरतूद जुन्या कायद्यातही होती, पण वापर तुरळक. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की प्रत्येक फौजदारी प्रकरणात भरपाईचा विचार करणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे, आणि ती द्यायची की नाही याची कारणं निकालात लिहिली पाहिजेत. म्हणून सरकारी वकिलाला हे स्पष्ट सांगा आणि बिलं त्यांच्याकडे द्या. मागितल्याशिवाय ते आठवेल, असं गृहीत धरू नका.

दुसरा रस्ता दिवाणी दाव्याचा. इथे इरादा सिद्ध करायची गरज नाही, निष्काळजीपणाही पुरतो. क्रिकेटच्या चेंडूची काच इथे येते. साधारणपणे तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. फौजदारी आणि दिवाणी दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

गाडीचं असेल तर आधी विमा पॉलिसी काढून पाहा. फक्त तृतीय पक्षाचा विमा असेल तर तोडफोडीचे पैसे मिळत नाहीत. सर्वसमावेशक विम्यात कुणी हेतुपुरस्सर केलेलं नुकसान आणि दंगलीतलं नुकसान धरलेलं असतं. तिथे एनसीचा कागदही दाखवता येतो, म्हणून तो फेकून देऊ नका.

आणखी एक खंत. नव्या न्याय संहितेने समाजसेवा ही शिक्षा पहिल्यांदाच आणली. ५,००० रुपयांच्या आतली चोरी करणाऱ्याने पहिल्यांदाच गुन्हा केला असेल आणि माल परत दिला असेल, तर त्याला तुरुंगाऐवजी ती दिली जाते. आगळीकीला मात्र ही शिक्षा ठेवलेली नाही. ज्याने भिंत खराब केली त्याच्याकडून ती धुऊन घेणं, ज्याने बाग कापली त्याच्याकडून रोपं लावून घेणं, यासाठी याहून योग्य गुन्हा मला सुचत नाही.

'त्यानेच आधी माझं फोडलं होतं'

त्याने तुमची काच फोडली म्हणून तुम्ही त्याची फोडली, तर गुन्हे दोन झाले आणि तुम्ही एकाच वेळी फिर्यादी आणि आरोपी झालात. आपल्याकडे परस्परविरोधी तक्रारींचे गठ्ठे असेच तयार होतात. स्वतःच्या मालमत्तेचा बचाव करायचा हक्क जरूर आहे, पण समोरचा दगड मारत असेपर्यंतच. तो थांबला की हक्क संपला. पोलिसांना बोलवायला वेळ होता तर तोही नाही, आणि बळ गरजेपुरतंच वापरायचं.

'आरोपीचं घर पाडा' ही मागणीही अशा वेळी जोरात येते. १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ आरोपी किंवा दोषी आहे म्हणून प्रशासनाला कुणाचं घर पाडता येणार नाही. बांधकाम अनधिकृत असेल तर किमान १५ दिवसांची नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. त्या घरात त्याची म्हातारी आईसुद्धा राहत असते, आणि तिने काही फोडलेलं नसतं.

जमाव, एसटी आणि दवाखाने

एसटीची काच फोडणाऱ्यासाठी १९८४ चा सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंध कायदा आहे. सार्वजनिक वाहतूक, पाणी, वीज यांच्या मालमत्तेला धक्का लावला तर किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त पाच वर्षं सक्तमजुरी. आग लावली तर एक ते दहा वर्षं. जमावातला एकटा माणूस सापडत नाही, म्हणून बंद पुकारणाऱ्यांना जबाबदार धरण्याकडे न्यायालयं वळली. ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला लावले होते. डॉक्टर आणि दवाखान्यांसाठी महाराष्ट्राचा २०१० चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे आणि फोडलेल्या उपकरणाच्या खरेदी किमतीच्या दुप्पट रक्कम भरावी लागते.

मिटवता येतं का?

फक्त खासगी माणसाचंच नुकसान झालं असेल, तर आगळीकीचं किरकोळ प्रकरण दोघांना आपसात मिटवता येतं. लोकअदालतीत मिटवलं तर तिथल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील नसतं आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. काहीही झालं तरी तोंडी मिटवू नका. रक्कम, तारीख आणि सह्या हव्यातच.

काकांच्या सीटचं बिल २०,००० च्या कितीतरी खाली आहे. अशा गुन्ह्याची फिर्याद न्यायालयात एका वर्षाच्या आतच करावी लागते, नाहीतर मुदत जाते. पण करणारा कोण हे ठाऊक नसेल, तर ते वर्ष त्याची ओळख पटेल त्या दिवसापासून मोजतात. हे सांगितल्यावर काकांनी एनसीच्या कागदाला सीटची पावती टाचली आणि समोरच्या किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यात त्या रात्रीचं काही उरलंय का, ते विचारायला खाली उतरले.